चेतकवाले काका

पार्किंगमध्ये तुमची गाडी एका झटक्यात सुरू झाली नाही, की ते प्रकट होतात. तुम्ही हाक मारलेली नसते. स्टार्टर दुसऱ्यांदा कुरकुरला की पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडते आणि चौथ्या कुरकुरीला लेंगा-बनियनमधले काका हाताची घडी घालून तुमच्या शेजारी उभे असतात.

"पेट्रोल आहे ना?"

"आहे, काका."

"चोक ओढून बघितलास?"

आता तुमच्या गाडीला चोक नसतोच. तिच्यात फ्युएल इंजेक्शन असतं, सगळा कारभार कुठल्यातरी चिपवर चालतो आणि तिची बॅटरी उतरलेली असते, एवढंच. हे तुम्ही समजावून सांगता. काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "तेच म्हणतोय मी. चोक असता तर एव्हाना निघाला असतास." मग त्यांची नजर कोपऱ्याकडे वळते. तिथे जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी, ताडपत्रीखाली काहीतरी उभं असतं. नव्या भाडेकरूंना तो सोसायटीचा जनरेटर वाटतो. तुम्ही घड्याळात बघता. काका म्हणतात, "आमच्या चेतकला ना..." आणि तुमची नऊची मीटिंग गेली.

पहिली गाडी सगळ्यांनाच आठवते. बहुतेकांनी ती कधीतरी विकून टाकलेली असते. अल्बमात एखादा फोटो असतो, हँडलला झेंडूचा हार, सीटवर अवघडून बसलेली घरची मंडळी, आणि तेवढ्यावर भागतं. चेतकवाले काका वेगळे ते अशासाठी, की त्यांनी ती विकली नाही. वय सत्तरीच्या पुढचं. निवृत्ती बँकेतून, एलआयसीतून, वीज मंडळातून किंवा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातून. सांगली, नाशिक, नागपूर, सगळीकडे ते सापडतात. पण खरं पीक पुण्याचं. स्कूटर आकुर्डीत तयार व्हायची, त्यामुळे पुणेकर काकांच्या अभिमानात थोडा भाग कंपनीच्या मालकीचाही मिसळलेला असतो. शेअर एकही नसतो, तो भाग सोडा.

त्यांच्या गाडीच्या पाटीवर एमएच-१२ नाही. तो क्रमांक १९८९च्या आधीचा, जुन्या पद्धतीचा आहे. काकूंचा मोबाइल नंबर त्यांना आजही पाहून लावावा लागतो, पण गाडीचा नंबर अर्ध्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. एटीएमचा पिनही तोच आहे, हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे.

गाडी कशी मिळाली, ही कथा पहिल्या भेटीतच ऐकावी लागते. आज सकाळी दुकानात गेलं तर संध्याकाळी लोक हार घातलेली गाडी घेऊन दारात येतात. त्या काळात कारखान्यानं वर्षाला किती गाड्या काढायच्या, हेही दिल्लीच्या परवान्यावर ठरे. इटलीच्या पियाजिओशी असलेला बजाजचा करार १९७१मध्ये संपला, आणि पुढच्याच वर्षी राणाप्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. आली म्हणजे काढली गेली. लोकांपर्यंत यायला वेळ लागे. अनामत भरून नंबर लावायचा आणि वाट पाहायची. आठ वर्षं, दहा वर्षं. नंबर लागलेल्याची चिठ्ठी 'ऑन' देऊन विकत घेणारे होते, आणि दोन वर्षं वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त किमतीला जात असे. परदेशातून कोणी डॉलर पाठवले, तर त्या कोट्यातून गाडी लवकर मिळायची. त्यामुळे अमेरिकेला गेलेल्या भाच्यावर अचानक चार-चार मामांचं प्रेम जडे.

काकांना असा भाचा नव्हता. नंबर लावला तेव्हा ते अविवाहित होते. 'मुलानं स्कूटरचा नंबर लावलाय' हे ऐकूनच मुलीकडच्यांनी होकार दिला, असं काका सांगतात.

"मुलाकडे स्कूटर आहे, असं सांगितलं होतं," काकू आतून म्हणतात.

"अगं, आहे म्हणजे, येणार आहे."

"आली तेव्हा थोरला बालवाडीत होता."

हे खरं आहे. तो थोरला आज पन्नाशीच्या आसपास आहे आणि मोटारीतून हिंडतो. गाडी आल्याचा दिवस त्यालाही आठवतो. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, गल्लीभर पेढे वाटले. मग लक्षात आलं, की काकांना गाडी चालवता येत नाही. इतक्या वर्षांत शिकायचं राहून गेलं होतं. शेवटी ऑफिसातल्या एकानं ती शोरूमपासून घरापर्यंत चालवत आणली. काका मागे बसले. हा भाग काका सांगत नाहीत.

बाकीचं मात्र सगळं सांगतात, आणि दरवर्षी त्यात सुधारणा करतात. मी ऐकायला लागलो तेव्हा चेतक एका लिटरला चाळीस किलोमीटर चालत असे. गेल्या दिवाळीला ती पंचावन्न चालत होती. किंमत उलट उतरत चालली आहे. अजून काही वर्षं गेली, तर ती कंपनीनं त्यांना वरून पैसे देऊन दिली होती असं ऐकायची माझी तयारी आहे.

पण काकांचा खरा प्रांत म्हणजे गाडी सुरू करणं. इथे त्यांना तोड नाही.

चेतकला बटण नव्हतं. होती ती किक. किक मारण्याआधी जे करावं लागे, ते यादी करून सांगण्यासारखं नाही, बघण्यासारखं आहे. आधी सीटखालच्या पेट्रोलच्या कॉकला हात. तो बंद, चालू आणि रिझर्व्ह अशा तीन अवस्थांत असतो, आणि गाडी उभी केल्यावर तो आठवणीनं बंद करणारा माणूस सुसंस्कृत, अशी काकांची व्याख्या आहे. मग चोक. मग गाडी स्टँडवरून उतरवून एका अंगावर कलती करायची. हे का, तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल नेणारा कुठला पंप नाही. ते आपल्या वजनानं खाली उतरतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी कलवली म्हणजे ते 'पटकन येतं'. त्यांचा मेकॅनिक म्हणायचा, "साहेब, नुसतं मिनिटभर थांबलात तरी येतंय." काकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. नुसतं थांबण्यात माणसाचं कर्तृत्व काय?

मग किक. पहिल्या दोन किका गाडीला आपण आल्याचं कळावं म्हणून. तिसरी खरी. चौथी तिसरीच्या भरवशावर. सहावीनंतर काका शर्टाच्या बाह्या वर करतात. आठवीनंतर बोलत नाहीत. दहावी झाली की समोरच्या डिकीतून प्लगपाना बाहेर येतो, आणि इथून पुढे जे चालतं त्याला सोसायटीतली मुलं 'ऑपरेशन' म्हणतात.

या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं. टू-स्ट्रोक गाडीला ऑइल वेगळं नसे, ते पेट्रोलातच मिसळायचं, लिटरला २० मिली. जास्त पडलं तर प्लगवर काजळी धरे, कमी पडलं तर पिस्टन धरे. पंपावरच्या पोराच्या हातावर काकांचा कधीच विश्वास बसला नाही. डिकीत ऑइलची बाटली आणि खोकल्याच्या औषधाचं माप, दोन्ही त्यांच्यासोबत असत. तरी प्लग काळा व्हायचाच. तो काढायचा, पान्याच्या दांड्यावर ठोकायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं फट बघायची. फुंकर मारायची. मग टोपीत अडकवून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी पडते का ते पाहायचं. ठिणगी पिवळी असेल तर काका काही बोलत नाहीत. निळी पडली की म्हणतात, "बघितलंस?" तुम्ही बघितलेलं नसतं, कारण तुम्ही घड्याळ बघत असता.

एवढ्यानंही नाही झाली, तर पळवायची. दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरायचा, एकानं हँडलपाशी पळायचं, दोघांनी मागून ढकलायचं, आणि हँडलवाल्यानं योग्य क्षणी क्लच सोडून त्याच क्षणी वर उडी मारायची. योग्य क्षण कोणता, हे शिकवता येत नाही. सोसायटीतला एक इंजिनिअर मुलगा एकदा क्लच सोडायला विसरला आणि गेटबाहेर थेट भाजीच्या हातगाडीपर्यंत पळत गेला.

आणि मग ती सुरू होते. निळा धूर गच्चीपर्यंत चढतो, वाळत घातलेल्या चादरी आत घ्यायला सगळ्या गॅलऱ्यांतून हात बाहेर येतात, आणि त्या धुराच्या मध्यभागी काका उभे असतात. त्या वेळी त्यांचा चेहरा बघावा. पीएफचा चेक हातात पडला त्या दिवशीसुद्धा तो तसा नव्हता, असं काकू सांगतात.

सुरू झालेली गाडी ते सहसा बंद करत नाहीत. दूध घ्यायला गेले, तरी दुकानाबाहेर ती धडधडत उभी. चोराची भीती नाही. एकदा रात्री चोरांनी हँडलचं लॉक तोडून गाडी गेटपर्यंत नेली होती. सकाळी ती तिथेच सापडली, शेजारी तिघांच्या चपला घसटल्याच्या खुणा. "पोरांना चोक माहीत नव्हता," काका अभिमानानं सांगतात. ही गोष्ट मला अर्धीच खरी वाटते. पण चोरांनी कलती करून बघितली नसणार, हे मीही मान्य करतो.

आता थोडं खरं बोलायला हरकत नाही. काका दुपारचे झोपलेत.

गाडी म्हणून चेतक बेताचीच होती. इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे सगळी गाडी एका अंगाला जड. चाकं दहा इंची. पावसाळ्यातल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं, की ते बाहेर येईपर्यंत नवस बोलायला वेळ मिळे. ब्रेक दाबला की गाडी पुढे नमस्कार करी आणि मग थांबायचं की नाही ते ठरवी. दिव्याची वीज इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून, म्हणजे वेग कमी केला की उजेडही कमी. अंधारात खड्डा नीट दिसावा म्हणून वेग वाढवावा लागे, आणि वेग वाढवल्यामुळे त्या खड्ड्यात जावं लागे. हॉर्नचंही तेच. क्लचची वायर कधी तुटेल याचा नेम नसल्यामुळे शहाणी माणसं एक वायर जास्तीची बाळगत. जमेला एकच मोठी गोष्ट होती, पत्रा. सगळं अंग पत्र्याचं. कशालाही धडकली तरी लागायचं ते समोरच्याला.

पण इतकी वर्षं वाट पाहून मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायची छाती कोणाची होईल? एक तर दुसरी घ्यायची म्हटलं तर पुन्हा नंबर लावा. त्यात तिच्यावर घरच्या सगळ्यांचा हक्क. थोरला पुढे उभा, हँडलच्या मधोमध धरून, डोकं काकांच्या हनुवटीखाली. काकू मागे एका अंगाला पाय सोडून, धाकटी मांडीवर. पायांपाशी गव्हाचं पोतं. दिवाळीला याच्या जोडीला आजी. १९८९ साली टीव्हीवर 'हमारा बजाज'ची जाहिरात आली, तेव्हा काकांना वाटलं कंपनीनं ती त्यांच्या घरावरूनच केली.

काकूंचं या सगळ्यावर वेगळं मत आहे, आणि ते त्या चहा ठेवता ठेवता देतात.

"महाबळेश्वर सांगितलं का ह्यांनी?"

सांगितलेलं असतं. काकांच्या आवृत्तीत चेतक पुण्याहून निघते, कात्रजचा बोगदा पार करते, खंबाटकी चढते, वाईला गणपतीचं दर्शन घेते आणि पसरणीच्या घाटातून पाचगणीवरून महाबळेश्वरला पोचते. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, 'हूं की चूं नाही'.

"गाडी गेली," काकू म्हणतात. "मी चालत गेले. खंबाटकीला म्हणाले, जरा उतरतेस का, पहिल्यावर टाकतो. पसरणीला म्हणाले, दोघी उतरा. हे पुढच्या वळणावर गाडी निववत उभे, आणि मी धाकटीला कडेवर घेऊन मागून येतेय."

"पण कृष्णेचं खोरं काय दिसलं तुला!"

"दिसणारच. चालत होते ना."

या संसारात खरा भूकंप झाला तो पुढे. १९८४मध्ये कायनेटिक होंडा बाजारात आली. गिअर नाही, क्लच नाही, आणि बटण दाबलं की सुरू. काकू तेव्हा टेलिफोन खात्यात होत्या. त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून, कुणाला न विचारता, पांढरी कायनेटिक होंडा आणली. सकाळी पावणेदहाला काका पार्किंगमध्ये प्लग घासत बसलेले असत, आणि काकू पदर खोचून, पर्स अडकवून, बटण दाबून "येते हो" म्हणत शेजारून निघून जात. काका मान वर करत नसत. "बायकांची गाडी," असं ते पुढे बरीच वर्षं म्हणत राहिले; पाऊस असला की तिच्याच मागे बसून ऑफिसला जात.

मी काकूंना एकदा विचारलं, त्या गाडीच्या काय आठवणी आहेत? त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. "पांढरी होती," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. "चालायची रे. रोज चालायची." नंबर आठवला नाही. कोणाला विकली तेही आठवलं नाही. इतकी वर्षं एकदाही न अडलेली गाडी घराबाहेर गेली आणि मागे एक किस्सासुद्धा ठेवून गेली नाही.

चेतकवाल्यांचे चुलते-मावसेही आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांनाही गाडीच्या गुणांबद्दल काही सांगायचं नसतं, खोड्यांबद्दल सांगायचं असतं. समोरच्या विंगमध्ये येझदीवाले आहेत. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीत. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, परत पाडली की गिअर. परक्या माणसाला गाडीवर बसवून ते मजा बघतात. पाहुणा किक शोधत गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. मैसूरचा तो कारखाना १९९६ला बंद पडला; येझदीवाल्यांनी त्याचं सुतक अजून सोडलेलं नाही. जुन्या बुलेटवाल्यांचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. किक मारण्याआधी ते ॲमीटरच्या काट्याकडे टक लावून बघतात, कारण काटा बरोबर मध्ये नसताना मारलेली किक उलटी आली तर पायाला प्लॅस्टर. असं प्लॅस्टर एकदा तरी झालेल्यालाच त्यांच्या गोटात मान आहे. लूनावाले साधे; पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी यायचे आणि त्यातही कमीपणा मानायचे नाहीत. राजदूतवाल्यांशी वाद घालायला मिळत नाही, ते दुधाचे कॅन लावून पहाटेच निघून गेलेले असतात.

चारचाकीवाल्यांत फियाटवाले सर्वांत बोलके. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. मूळ फियाट, १९७०नंतर केव्हातरी 'पद्मिनी' झाली, तरी यांच्या तोंडी फियाटच. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. एक्स्प्रेस वे होण्याआधीचा खंडाळ्याचा घाट त्यांनी बॉनेट वर करून, पेट्रोलपंपावर ओलं फडकं ठेवून, वाफ बसण्याची वाट बघत चढलेला असतो. प्रत्येक फियाटवाल्याचं घाटात एक ठरलेलं वळण असतं. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा आमच्या फियाटवाल्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. त्यावर चेतकवाल्या काकांनी लिहिलं, 'आमची अजून आहे.' दोघं आठवडाभर बोलत नव्हते.

आता काकांच्या गाडीला दिवस वाईट आलेत. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं नव्यानं पासिंग करायचं, वर पर्यावरण कर भरायचा. मध्यंतरी जुन्या गाड्यांनाही नवी हाय सिक्युरिटी पाटी बसवायचा हुकूम निघाला. काका त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. गाडी टेम्पोतून गेली, हे खरं. पण टेम्पोत ते गाडीजवळ उभे होते. पाटी चकचकीत बसली आणि बाकीची गाडी तिच्यापुढे एकदम म्हातारी दिसायला लागली.

गिऱ्हाइकंही येतात. भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि शिव्या खातो. लग्न ठरलेली एक जोडी फोटो काढायला म्हणून गाडी मागायला आली होती. काकांनी होकार दिला, अट एकच घातली, गाडी सुरू करून फोटो काढायचा. नवऱ्या मुलानं शेरवानी घालून किक मारली, तिसऱ्या किकेला शेरवानी उसवली. एका हॉटेलवाल्याला ती भिंतीवर टांगायला हवी होती.

"भिंतीवर? चालू गाडी?" काका कडाडले.

"चालू आहे?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"परवाच काढली होती."

काकांचं परवा म्हणजे दसरा. त्या दिवशी ताडपत्री निघते, गाडी धुतली जाते, हळद-कुंकू, झेंडूचा हार, हँडलला आपट्याचं पान, आणि मग सगळी सोसायटी आपणहून ढकलायला खाली येते. यंदाच्या दसऱ्याला ती तिसऱ्या फेरीत लागली. टाळ्या पडल्या.

चेतक कंपनीनं केव्हाच बंद केली होती, आणि २००९मध्ये स्कूटर बनवणंच सोडून देत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी काकूंनी त्यांच्यापासून दोन दिवस लपवून ठेवली होती. मग २०२०च्या सुरुवातीला तेच नाव घेऊन विजेवर चालणारी चेतक पुण्यात आली. मुलानं काकांना शोरूमला नेलं. अंग पत्र्याचंच आहे, हे काकांनी बोटानं वाजवून खात्री करून घेतलं. रंग आवडला. मग ते गाडीभोवती फिरले, वाकले, उजव्या बाजूला काहीतरी शोधत राहिले. विक्रेत्या मुलीनं सांगितलं, "काका, किक नसते. चालूच आहे ती."

"आवाज?"

"नसतो."

त्यांनी एक चक्कर मारली. खड्ड्यातून नेऊन बघितली, ब्रेक दाबून बघितला. परत येऊन उतरले आणि हात मागे बांधून गाडीकडे पाहत राहिले. "गाडी उत्तम आहे," ते म्हणाले. "पण हिला माझं काय काम?" मुलानं दुसऱ्याच महिन्यात काकूंसाठी ती घेतली. त्या ७० पार करूनही मंडईत तीच घेऊन जातात, आणि अर्थातच तिच्याबद्दल त्यांना सांगण्यासारखं अजून काही झालेलं नाही.

तुमच्याही इमारतीत जिन्याखाली अशी एखादी ताडपत्री असेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'वापरात नसलेली वाहने हटवणे' हा विषय निघाला, तर कृपा करून हात वर करू नका. जागा लागते ती जेमतेम दोन सायकलींची. आणि काकांना 'विकायची आहे का?' असं तर कधीच विचारू नका. विचारायचंच असेल तर 'एवढ्यात काढली होती का?' असं विचारा. फक्त रविवारी विचारा, आणि अंगात जुने कपडे असू द्या, कारण ढकलावी लागणार आहे.